दोन ‘पहिल्या’ मुली

‘भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोणती?’ स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हा प्रश्न हमखास भेटतो. गंमत अशी, की त्याचं उत्तर पुस्तकागणिक बदलतं. एका पुस्तकात उत्तर असतं हर्षा, जन्म मुंबई, ६ ऑगस्ट १९८६. दुसऱ्यात असतं दुर्गा, जन्म कोलकाता, ३ ऑक्टोबर १९७८. विद्यार्थी बिचारे गोंधळतात आणि आपल्या क्लासच्या सरांनी जे सांगितलं तेच लिहून मोकळे होतात.

पण या दोन उत्तरांमधल्या आठ वर्षांत बरंच काही घडलं आहे. एका डॉक्टरानं आपलं जीवन संपवलं, आणि दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं पुढं स्वतःच्या गटाचा पहिला मान स्वतःहून सोडून दिला. या दोघांच्या कामाचा विषय मात्र एकच होता. स्त्रीच्या अंडाशयात ज्वारीच्या दाण्याएवढी असलेली आणि दहा-बारा दिवसांत द्राक्षाएवढी होणारी एक इवलीशी पिशवी. तिला मराठी पुस्तकांत ‘पुटक’ म्हणतात. डॉक्टर आणि पेशंट दोघंही ‘फॉलिकल’ म्हणतात. आपणही फॉलिकलच म्हणू.

टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काचेची नळी येते. प्रत्यक्षात स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ घालून दिली जाते ती एका उथळ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत, आणि ते काम तुलनेनं शेवटचं. त्याआधीचं अवघड काम म्हणजे बीज नेमकं कधी तयार होतं ते ओळखणं. ते डोळ्यांना दिसत नाही. ते कळतं फॉलिकलच्या पेशी रक्तात जी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, सोडतात त्यांच्यावरून. वंध्यत्वाच्या आधुनिक उपचारांचा इतिहास हा एका अर्थानं या पेशींचा निरोप वाचायला शिकण्याचा इतिहास आहे.

आधी हे फॉलिकल काम कसं करतं ते पाहू. त्याच्या आत एक बीज असतं, सुईच्या टोकाएवढं. बीजाभोवती दोन प्रकारच्या पेशींचे थर असतात. आतल्या थरातल्या ग्रॅन्युलोसा पेशी आणि बाहेरच्या थरातल्या थीका पेशी. या दोघींची कामाची वाटणी ठरलेली आहे. थीका पेशी कच्चा माल तयार करतात. हा कच्चा माल म्हणजे आपण ज्यांना पुरुषी हार्मोन समजतो त्या जातीचा असतो. ग्रॅन्युलोसा पेशी तो घेतात आणि त्याचं इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन बनवतात. एकीनं दळण दळावं आणि दुसरीनं त्या पिठाच्या भाकरी थापाव्यात, तसं हे आहे. एकटीला पूर्ण काम जमत नाही.

या दोघींना कामाला लावते ती मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी ग्रंथी. ती दोन हार्मोन पाठवते, एफएसएच आणि एलएच. आपलं हे भाषण जसं हवेतून सगळीकडे जातं, पण ऐकू येतं ते ज्यानं रेडिओ लावला आहे त्यालाच, तसं हार्मोन रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं. पण ज्या पेशीवर ते पकडणारी यंत्रणा असते तीच पेशी त्याला प्रतिसाद देते. ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएच ऐकतात आणि थीका पेशी एलएच.

फॉलिकल वाढत जातं तसं रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं. ते ठरावीक पातळीच्या वर जाऊन सुमारे दोन दिवस टिकलं, की पिट्युटरी एलएचचा एकदम मोठा लोंढा सोडते. त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी फॉलिकल फुटतं आणि बीज बाहेर येतं. बीज निघून गेल्यावरही त्या पेशींचं काम संपत नाही. त्याच ग्रॅन्युलोसा पेशी रूप बदलतात, पिवळसर होतात आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन स्रवू लागतात. गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार ठेवण्याचं काम हे हार्मोन करतं. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांत हा स्राव थांबतो आणि पाळी येते.

हे सगळं आता शाळेच्या पुस्तकात चार ओळींत येतं. पण ते समजायला तीनशे वर्षं लागली. रेग्नियर द ग्राफ या डच वैद्यानं १६७२ मध्ये या पिशव्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही ‘ग्राफियन फॉलिकल’ म्हणतात. त्याला वाटलं, की ही पिशवी म्हणजेच बीज. खरं बीज त्या पिशवीच्या आत असतं, हे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानं कुत्रीच्या अंडाशयात पाहिलं १८२७ मध्ये. म्हणजे नुसती पिशवी उघडून पाहायला दीडशे वर्षं गेली!

पिशवीतल्या पाण्यात काहीतरी आहे, हे सिद्ध केलं १९२३ मध्ये अमेरिकेतल्या एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी. त्यांनी डुकरिणींच्या अंडाशयांतल्या फॉलिकलमधला द्रव काढला आणि अंडाशय काढून टाकलेल्या उंदीर जातीच्या माद्यांना टोचला. त्या माद्या पुन्हा माजावर आल्याची लक्षणं दिसली. पुढं डॉइझी यांच्या प्रयोगशाळेनं सुमारे चार टन डुकरिणींची अंडाशयं वापरली, तेव्हा शुद्ध इस्ट्राडायॉल हातात आलं ते काही मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत हे द्रव्य शरीर चालवतं. दोन पेशींच्या भागीदारीचा पुरावा १९५९ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट फाल्क यानं उंदरांवरच्या प्रयोगांतून दिला, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत रायन आणि पेट्रो यांनी माणसाच्या ग्रॅन्युलोसा आणि थीका पेशी वेगवेगळ्या करून कोण काय बनवतं ते तपासलं.

आता प्रश्न आला उपचाराचा. ज्या स्त्रीची पिट्युटरी पुरेसा संदेश पाठवत नाही, तिला तो बाहेरून देता येईल का? त्यासाठी माणसाचंच एफएसएच हवं. ते आणायचं कुठून? उत्तर सापडलं पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत. वय झाल्यावर अंडाशयाकडून उत्तर येईनासं होतं, तेव्हा पिट्युटरी अधिकच जोरानं हाका मारू लागते. ते जादा हार्मोन लघवीवाटे बाहेर पडतं. इटलीतल्या सेरोनो कंपनीतले पिएरो दोनिनी यांनी १९४९ मध्ये ते वेगळं काढण्याची रीत शोधली. पुढं इस्राएलच्या ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या प्रयत्नांमुळं इटलीतल्या मठांमध्ये राहणाऱ्या वयस्कर जोगिणींची लघवी रोज गोळा होऊ लागली. पाळी गेलेल्या अनेक जणी एका ठिकाणी राहतात आणि त्यांत कुणी गरोदर असण्याचा प्रश्न नाही, ही मठाची सोय. त्या औषधावर पहिलं मूल इस्राएलमध्ये १९६२ मध्ये जन्माला आलं. संसार सोडलेल्या बायकांमुळं दुसरीच्या घरी पाळणा हलला, असा हा योग.

या औषधानं एकाऐवजी अनेक फॉलिकल वाढवता येतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी आधी तेच करून पाहिलं. बीजं मिळत, पण गर्भ टिकत नसे. कारण पुष्कळ फॉलिकल एकदम वाढवल्यावर पुढच्या पंधरवड्यातलं हार्मोनचं गणित बिघडतं आणि गर्भाशयाचं अस्तर वेळेवर साथ देत नाही. शेवटी त्यांनी औषध बाजूला ठेवलं. नैसर्गिक पाळीत वाढणाऱ्या एकाच फॉलिकलवर भरवसा ठेवला आणि लघवीतल्या एलएचवर लक्ष ठेवून बीज काढण्याची वेळ ठरवली. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. एडवर्ड्‌स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं.

त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी कोलकात्यात दुर्गा जन्मली. तिच्यामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय. त्यांनी एक पीएच.डी. कोलकात्यात केली होती आणि दुसरी १९६७ मध्ये एडिंबरात, हार्मोन मोजण्याच्या शास्त्रातले नामांकित जॉन लोरेन यांच्याकडे. म्हणजे हार्मोनचा हिशेब हा त्यांचा मूळ विषय. त्यांचे सहकारी होते क्रायोजेनिक्स, म्हणजे अतिथंड तापमानाचं शास्त्र जाणणारे सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य.

एडवर्ड्‌स यांना जी अडचण आली, तिच्यावर मुखोपाध्यायांनी वेगळा तोडगा काढला. त्यांनी हार्मोनचं औषध देऊन अनेक फॉलिकल वाढवले. पोटातून दुर्बीण न घालता योनिमार्गानं बीजं काढली. आणि त्या महिन्यात शरीरातलं हार्मोनचं गणित बिघडलेलं असणार, हे ओळखून तयार झालेले भ्रूण त्यांनी गोठवून ठेवले. त्रेपन्न दिवसांनी, पुढच्या एका नैसर्गिक पाळीत, गर्भाशय तयार असताना ते आत ठेवले. आज मोठ्या शहरांतल्या केंद्रांत ‘सगळे भ्रूण गोठवा, पुढच्या महिन्यात ठेवा’ हा सल्ला नेहमी ऐकू येतो. औषधानं बीजं वाढवून झालेलं अमेरिकेतलं पहिलं मूल १९८१ चं. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेलं जगन्मान्य पहिलं मूल ऑस्ट्रेलियातलं, १९८४ चं. या दोन्ही गोष्टी कोलकात्यात १९७८ मध्ये एका लहानशा गटानं अगदी तुटपुंज्या साधनांवर केल्या होत्या.

मग झालं काय? पश्चिम बंगाल सरकारनं चौकशी समिती नेमली. या तंत्राचा प्रत्यक्ष अनुभव असलेलं त्या समितीत कुणी नव्हतं. तसा अनुभव तेव्हा देशातच दुसऱ्या कुणाला नव्हता. समितीनं दाव्यावर विश्वास ठेवला नाही. मूल ज्या घरात जन्मलं त्या घरालाही लोक काय म्हणतील याची धास्ती होती, त्यामुळं कुटुंब पुढं आलं नाही. जपानमध्ये जाऊन आपलं काम मांडायची परवानगी मुखोपाध्यायांना मिळाली नाही. १९८१ मध्ये तर त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. हार्मोनचा अभ्यासक आणि नेमणूक नेत्रविभागात! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. वय पन्नास. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातला डॉक्टर वेगळ्या रोगावर काम करतो. पण त्यामागची प्रेरणा हीच.

आता मुंबईला येऊ. परळला केईएम रुग्णालय आहे आणि जवळच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, प्रजननशास्त्राची संशोधन संस्था आहे. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि संस्थेत संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार. एकीकडे पेशंट आणि शस्त्रक्रिया, दुसरीकडे प्रयोगशाळा आणि हार्मोन मोजणारी माणसं, अशी ही जोडी होती. तोवर रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधलेली रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत रुळली होती. पूर्वी हार्मोन मोजायचं तर उंदरावर परिणाम बघावा लागे. या पद्धतीनं थोड्याशा रक्तात ते मोजता येऊ लागलं. सोनोग्राफीवर फॉलिकल किती मिलिमीटर झालं तेही दिसू लागलं. कोलकात्यातल्या एकाकी डॉक्टरला जे पाठबळ मिळालं नाही, ते परळमध्ये एका सरकारी संस्थेच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयाच्या सहकार्यातून उभं राहिलं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा जन्मली. साऱ्या कामाच्या शास्त्रीय नोंदी होत्या, निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. डॉ. हिंदुजा यांना पुढं २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली.

गोष्ट इथं संपली असती, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण १९९७ मध्ये आनंदकुमार कोलकात्याला गेले. तिथं मुखोपाध्यायांची जुनी टिपणं आणि कागदपत्रं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईनं तपासली. कोणतं औषध दिलं, बीज कसं काढलं, भ्रूण कसे गोठवले, हे सगळं वाचताना जाणकाराला कळत होतं, की हे प्रत्यक्ष केल्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही. आणि १० एप्रिल १९९७ च्या ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी लेख लिहून स्पष्ट सांगितलं, की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखर्जी होत. बंगालीतले मुखोपाध्याय ते हेच.

हा लेख लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर ‘पहिला’ हा मान अकरा वर्षं होता. मुखोपाध्याय हयात नव्हते, कुणी कोर्टात गेलं नव्हतं, वर्तमानपत्रांनी मागणी केली नव्हती. गप्प बसणं अगदी सोपं होतं. पुढं दुर्गाही आपलं नाव घेऊन जगासमोर आली. आयसीएमआरनं २००५ मध्ये वंध्यत्व केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दुर्गाच्या जन्माची नोंद झाली. आनंदकुमार २०१० मध्ये गेले. आपल्याकडे शास्त्रज्ञांचे पुतळे फारसे उभारले जात नाहीत. पण शोध लावणाऱ्याइतकंच, दुसऱ्याचा शोध मान्य करणाऱ्यालाही मोठं मन लागतं, हे मुलांना सांगायला ही गोष्ट चांगली आहे. हर्षाचा मान त्यामुळं कमी होत नाही. शास्त्रीय नोंदींसह, तपासून घेता येईल अशा रीतीनं झालेला पहिला जन्म तिचाच.

हा सगळा इतिहास हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या माणसाला कशाला हवा, असं कुणी विचारील. तर त्याचं उत्तर तिथल्याच एखाद्या घरात, कपाटातल्या फाइलीत आहे. मूल होत नाही म्हणून आपल्या भागातली जोडपी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलतात, आणि परभणी-नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या डॉक्टरकडेही जातात. परत येताना हातात रिपोर्ट असतात. त्यावर एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल, एएमएच अशी अक्षरं आणि पुढं आकडे. ते आकडे म्हणजे पिट्युटरीचे आणि याच पेशींचे निरोप. एएमएच हे लहान फॉलिकलमधल्या ग्रॅन्युलोसा पेशी सोडतात. अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती उरला आहे, याचा अंदाज त्यावरून येतो. मूल होईल की नाही, याचा तो निकाल मात्र नाही. नेमका हा फरक न कळल्यामुळं कितीतरी घरांत एका कागदावरून सुनेचं नशीब ठरवलं जातं.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. हा सारा इतिहास स्त्रीच्या शरीराचा असल्यामुळं दोषही तिचाच, असा समज पक्का होतो. पुष्कळ जोडप्यांत कारण पुरुषाकडे असतं किंवा दोघांकडे असतं. नवऱ्याची वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी आणि स्वस्त तपासणी; ती सुरुवातीलाच व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहांपैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. इतक्या लोकांच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टीला ‘वांझ’ हा एकाच बाजूला चिकटणारा शब्द कसा पुरेल?

दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. आजचं एफएसएच बरंचसं प्रयोगशाळेत, चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत तयार होतं. मात्रा जास्त झाली किंवा शरीरानं फार जोरात प्रतिसाद दिला, तर अंडाशयं सुजतात, पोटात पाणी होतं, धाप लागते. पीसीओएस असलेल्या मुलींना हा धोका अधिक. म्हणून रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करतात. पोट एकाएकी फुगलं, श्वास लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ‘सहायक प्रजनन तंत्रज्ञान’ कायदा २०२१ मध्ये झाला आहे. त्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि बीजदान करणाऱ्या स्त्रीला आयुष्यात एकदाच ते करता येतं. तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. गरीब बाईच्या अंडाशयाचा बाजार होऊ नये, यासाठी ही मर्यादा आहे. ती सर्वांना ठाऊक असायला हवी.

बीज काढताना फॉलिकलमधल्या द्रवाबरोबर हजारो ग्रॅन्युलोसा पेशीही बाहेर येतात. बीज वेगळं केलं, की त्यांचं उपचारातलं काम संपतं आणि एरवी त्या टाकून दिल्या जातात. पण त्या काही दिवस प्रयोगशाळेत जिवंत ठेवता येतात, आणि त्या किती इस्ट्रोजेन, किती प्रोजेस्टेरॉन स्रवतात ते मोजता येतं. परळच्या त्याच संस्थेत, जिचं नाव आता राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या अशा पेशींवर अलीकडच्या काळात संशोधन झालं आहे. त्यात डॉ. हिंदुजा यांचाही सहभाग आहे. टाकून दिलेल्या पेशी नीट पाहिल्या, तर उद्याच्या पेशंटला कमी इंजेक्शनं लागतील, ही त्यामागची आशा.

कोलकात्यात एका जाणत्या माणसाचं म्हणणं वेळेवर ऐकून घेतलं गेलं नाही, त्याची किंमत त्यानं प्राण देऊन मोजली. आपल्या घराघरांत मूल नसलेली बाई काय सांगते आहे, तेही पुष्कळदा ऐकून घेतलं जात नाही. फॉलिकलच्या पेशींचा निरोप ऐकायला शास्त्राला तीनशे वर्षं लागली. आपल्या घरातल्या माणसाचं ऐकायला कुठलंच यंत्र लागत नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना फाइल घेऊन दोघांनी जावं, दोघांनी तपासणी करून घ्यावी, आणि रिपोर्टवरच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ डॉक्टरांना विचारून घ्यावा.